वास त्यांचा, घास आपला

१

तोर्गिनचा दिवस मातीच्या वासानं सुरू व्हायचा. नियमाप्रमाणे मातीला नाक लावायचं नसतं, आणि हा नियम पाळणारा माणूस या धंद्यात तिनं अजून पाहिलेला नव्हता. हातमोजे घालून मूठभर माती उचलायची, पिशवीत भरायची, तोंड आवळून चांगली खळबळायची आणि थोडा वेळ उन्हात ठेवायची. मग यंत्राची नळी आत खुपसायची. मातीत पेट्रोल मुरलेलं असलं की यंत्रावरचा आकडा भराभर चढतो. त्या यंत्राला काहीतरी लांबलचक नाव होतं, पण मुकान आगा त्याला 'नाक' म्हणत, म्हणून तीही म्हणायची.

मुकान आगा बोअरची गाडी चालवत आणि खोदायचं यंत्रही तेच चालवत. माणूस वयानं मोठा, तोंडानं त्याहून मोठा. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "तुझं यंत्र महागडं आहे पोरी, पण माझ्या बायकोचं नाक त्याच्या वरचं. मी कुठं बसून आलो ते तिला फाटकातूनच कळतं."

शू शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कराझार गावाच्या तोंडाशी हा जुना पेट्रोलपंप. रशियनांच्या वेळचा, नंतर कुणाकुणाच्या हातात गेलेला, शेवटी बंद पडलेला. जमिनीखालच्या टाक्या गंजून चाळणी झाल्या होत्या. त्या उकरून काढल्या, मागे मोठा खड्डा राहिला; आता खाली मुरलेलं पेट्रोल शोधायचं, खराब माती काढून न्यायची आणि चांगली भरायची. जागा शुद्ध झाली की तिथं गावाची बालवाडी होणार होती. त्या बालवाडीत पहिल्या फळीत बसणार होती बोतागोझ, तोर्गिनची पाच वर्षांची मुलगी. नवरा वारल्यापासून बोता इथंच, कराझारमध्ये आजीजवळ वाढत होती आणि तोर्गिन गावोगावची माती हुंगत फिरत होती. हे काम तिनं साहेबांकडून भांडून मागून घेतलं होतं. आपली पोर ज्या जमिनीवर लोळणार ती आपल्या हातानं साफ करायची, एवढंच तिच्या मनात होतं.

पहिल्या आठवड्यात तिला एकच गोष्ट खटकली. रस्त्यावरून जाणारे ट्रकवाले पंपासमोर आले की स्टिअरिंगवरचा हात काढून तोंडावरून फिरवत. कबरस्तानावरून जाताना करतात, अगदी तसा. मुकान आगाही सकाळी गाडीतून उतरताना करत.

"इथं कबर आहे का, आगा?"

"असती तर खोदायला आलो असतो का मी?"

"मग हात कशाला फिरवता?"

आगांनी जरा विचार केला. आपण हात फिरवतो हे त्यांना आत्ताच कळल्यासारखं दिसलं. "माझा बाप फिरवायचा," ते म्हणाले आणि गाडीखाली वाकून काहीतरी बघू लागले.

इथं कुठंतरी पाणी मुरतंय, असं तोर्गिनला वाटलं. टाक्या दाखवतात त्याहून जास्त असतील, किंवा गावकऱ्यांनी आणखी काही गाडून ठेवलेलं असेल. तिच्या अनुभवात माणसं गप्प बसत ती नेहमी अशाच कारणांसाठी.

२

शुक्रवारी सकाळी तोर्गिनची आई शेल्पेक तळायची. पातळ लाटलेली, कढईत टाकली की टम्म फुगणारी ही पोळी म्हणजे पुरीची थोरली बहीण. सात तळायच्या, गेलेल्या माणसांची नावं घ्यायची, मग शेजारी वाटायच्या आणि आपण खायच्या. तळताना आई खिडकी सताड उघडायची, बाहेर कितीही गारठा असो. तापलेल्या तेलाचा वास बाहेर गेला पाहिजे. गेलेली माणसं त्या वासावरच जेवतात.

बोताला मात्र दम निघत नसे. पहिली पोळी कढईतून निघते न निघते तोच तिचा हात ताटात.

"थांब की गं. आधी त्यांचं होऊ दे," आई तिच्या हातावर चापट मारायची. "वास त्यांचा, घास आपला."

"मग ते घास का नाही खात?"

"तोंड कुठंय त्यांना?"

"आणि नाक आहे?"

आईनं पुढची पोळी कढईत सोडली. तोर्गिन हसली. तिनं बोताला जवळ ओढलं आणि तिच्या कपाळाचा वास घेतला. इकडे थोरली माणसं मुलांचा मुका घेत नाहीत, कपाळ हुंगतात. आणि बोताही कुणी मोठं माणूस वाकलं की डोळे मिटून कपाळ पुढं करायची. दूध, धूळ, उन्हात तापलेली लोकर. परगावी कामावर असताना रात्ररात्र तोर्गिन हा वास आठवायचा प्रयत्न करी आणि तो कधीच धड आठवत नसे. आता तो रोज मिळत होता. आपल्यासारखी सुखी बाई अख्ख्या तालुक्यात नाही, असं तिला त्या सकाळी वाटलं.

३

त्याच सकाळी तोर्गिन पंपावर पोचते तर खड्ड्याच्या काठावर स्टोव्ह भरभरत होता आणि उल्बाला आपा कढईसमोर उकिडवी बसली होती.

आपा म्हातारी, काटक. सारा जन्म याच पंपावर गाड्यांत पेट्रोल भरण्यात गेला. पंप बंद पडल्यावर मागच्या कडेला तिनं चहाची टपरीवजा खोली काढली होती. खड्ड्यातली माती किती लांबवर खराब आहे हे अजून ठरायचं होतं. खोलीखालपर्यंत गेली असेल तर खोलीही पाडावी लागणार होती, आणि हे आपाला चांगलं ठाऊक होतं.

तोर्गिननं पिशवीत नळी खुपसली. आकडा वेड्यासारखा उड्या मारू लागला.

"आपाच्या शेल्पेकावर भाळलंय तुझं नाक," मुकान आगा म्हणाले.

तोर्गिनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हातारीला बरोबर मोजणीच्या दिवशी, बरोबर खड्ड्याच्या काठावरच तेल तापवायचं होतं. धुरानं मोजमाप बिघडलं की माती कुठवर खराब आहे ते कळायला नको, खोली पडायला नको. तिनं जवळ जाऊन विचारलं, आपा, हे घरी का नाही तळत?

"घरी घरच्यांचं तळते."

"आणि इथं?"

"इथं इथलं."

"कुणाचं? नाव काय घेता?"

आपानं पोळी उलटली. "नाव नाही घेत. सासू तळायची, तीही घेत नव्हती."

बिननावाचा शेल्पेक तोर्गिननं जन्मात ऐकला नव्हता. थाप मारायची तर निदान बरी मारावी, असं तिच्या मनात आलं. तिनं स्पष्टच सांगून टाकलं की मोजणी होईपर्यंत इथं तळण बंद.

आपा भांडेल, शिव्या देईल, असं तिला वाटलं होतं. आपानं स्टोव्ह बंद केला आणि कढई दोन्ही हातांनी उचलली.

"किती शुक्रवार?"

"काम होईपर्यंत."

"मग काम लवकर कर, पोरी," आपा म्हणाली आणि तेल हिंदकळू न देता हळूहळू निघून गेली. मुकान आगा तिच्याकडे न बघता बूट बघत उभे होते.

४

एक शुक्रवार तळणाशिवाय गेला आणि त्यानंतर मातीचा वास गेला.

माती खराबच होती. निळसर-काळी, बोटाला चिकटणारी, उन्हात तेलकट चमकणारी. अशी माती तोर्गिन डोळे मिटून ओळखायची, कारण ती नाकातून थेट कपाळात चढते. पण आता पिशवीत नाक घातलं तरी काही नाही. यंत्राचा आकडाही शून्यावर बसून राहिला.

तिनं आधी यंत्रावर संशय घेतला. रस्त्यावर नेऊन पेट्रोलच्या कॅनच्या झाकणापाशी धरलं, तर आकडा चढला. तोच कॅन खड्ड्यापाशी आणला तर शून्य. मग तिनं आगांवर संशय घेतला, त्यांनी रात्रीतून माती बदलली असेल म्हणून, आणि त्यांच्या हातांकडे, गाडीच्या टायरांकडे उगीच बघत राहिली. मग आपावर. म्हातारीनं कसलंतरी रसायन ओतलं असणार. शेवटी तिनं बाटल्या भरून शहरातल्या प्रयोगशाळेत धाडल्या.

तिथल्या मुलीचा फोन आला. मातीत पेट्रोल होतं तेवढं आहे, उलट जास्तच आहे. "पण काय घालून पाठवता तुम्ही बाटलीत?" ती म्हणाली. "इतकं पेट्रोल आणि वास काडीचा नाही. आम्ही सगळ्यांनी हुंगून बघितलं."

पेट्रोल जागेवर आणि वास गायब. तोर्गिननं हे वाक्य मनात दोनतीनदा उलटसुलट केलं. त्यातून काही निघेना.

दुपारी आगांनी डबा उघडला. एक घास खाल्ला आणि म्हणाले, "आज बायको कांदा विसरली."

कांदा वरच दिसत होता, जाड चिरलेला. आगांनी एक फोड उचलून नाकाशी नेली, मग तोर्गिनपुढं धरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण वास आला नाही. तिनं आपली बाही हुंगली. आठवडाभर घामानं आणि डिझेलनं भरलेली बाही, तीही नुसतं कापड.

"ताप येऊन गेला असेल आपल्याला," तोर्गिन म्हणाली. "तापात जातो वास."

"दोघांना एकदम?" आगा म्हणाले. मग डबा घेऊन ते रस्त्यापलीकडे गेले आणि तिथून त्यांनी हात हलवून बोलावलं. तिथं कांद्याला वास होता.

त्या दिवसापासून ते रस्त्यापलीकडे जेवू लागले. आगांनी त्यावर विनोद केले, तीही हसली. दोनतीन दिवसांनी पलीकडेही वास येईनासा झाला, तेव्हा आगा डबा मिटून नुसते बसले.

५

पुढच्या शुक्रवारी वारा मुळीच नव्हता. गवताचं पातं हलत नव्हतं. धूळ उडू नये म्हणून खड्ड्यावर मोठं प्लास्टिक अंथरून कडेनं विटा ठेवल्या होत्या. तोर्गिन सकाळपासून एकाच जागी तीनतीनदा नमुने घेत होती. शेवटी तिचं डोकं फिरलं. सगळ्या गोष्टींचं मूळ त्या म्हातारीत आहे आणि आज तिला बोलतं करायचंच, असं ठरवून ती चहाच्या खोलीत शिरली.

खोली धुरानं भरलेली होती. आपा स्टोव्हसमोर उभी होती, डोळे लाल, गालांवर पाणी. कढईत शेल्पेक करपून काळा पडला होता.

"मी तळू नका म्हटलं होतं."

"काठावर नको म्हणालीस. काठावर नाही तळत," आपा म्हणाली. "इथून तरी पोचेल म्हणून बघतेय. दोन दिवस झाले. तेल जाळून बघितलं, चरबी जाळून बघितली. हुंग."

तोर्गिननं श्वास घेतला. घसा धुरानं खवखवला, खोकला आला. पण वास नव्हता. करपलेल्या चरबीचा वास, जो कपड्यांना आठवडाभर सोडत नाही, तो नव्हताच.

"काय आहे आपा तिथं खाली? काय गाडलंय?"

"मला काय माहीत?" आपा चिडून म्हणाली. "सासूला माहीत नव्हतं. तिच्या सासूला नसेल. पंप झाला तेव्हा सासू म्हणायची, आता बरं आहे, रात्रंदिवस वास आहे. शुक्रवारचं मी आपलं सवय म्हणून करायची." तिनं कढई खाली ठेवली. मग एकदम खिडकीकडे बघून विचारलं, "ती तुझी पोर ना?"

खिडकीतून खड्ड्याची कड दिसत होती. आई जेवण घेऊन आली असावी, कारण बोअरच्या गाडीपाशी ती आगांशी बोलत उभी होती. बोता तिच्याजवळ नव्हती.

६

बोता खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली होती. हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, कपाळ पुढं केलेलं.

तिच्यासमोर प्लास्टिक हलत होतं. मध्ये ताणून खाली जाई, सैल होई, पुन्हा ताणून खाली जाई. गवत स्तब्ध होतं. तोर्गिन धावता धावता स्वतःला समजावत होती. खड्ड्यातली हवा तापली असेल, वर येत असेल, निवत असेल. असं होतं, तिनं पाहिलंय असं. पण बोताच्या अगदी पुढं, काठाशी, प्लास्टिक वर आलेलं होतं. कुणीतरी खालून उठून वाकावं एवढं वर. आणि तिच्या कपाळापाशी त्याला दोन खळगे पडले होते, शेजारी शेजारी, आणि ते आत ओढले जात होते.

तोर्गिननं पोरीला कमरेला धरून मागे खेचलं. दोघी मातीत पडल्या. तिनं वर बघितलं तेव्हा प्लास्टिक सपाट पडलेलं होतं आणि कडेची एक वीट खड्ड्यात घरंगळत होती.

त्याच क्षणी वास आला. पेट्रोलचा भपकारा असा उठला की आई डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं तोंड दाबून खाली बसली. मागून डिझेल, कांदा, करपलेली चरबी, मेंढ्या, गंजकं लोखंड, सगळं एकदम. यंत्र किंचाळत सुटलं. मुकान आगा खोकत खोकत हसत होते. "आलं, आलं," ते म्हणत होते, आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवत होते.

"काय करत होतीस तू तिथं?" तोर्गिननं बोताला विचारलं.

"एक अता आले होते," बोता म्हणाली. अता म्हणजे आजोबा. कुठल्याही म्हाताऱ्याला ती अताच म्हणायची. "त्यांनी वास घेतला माझा."

"काय म्हणाले?"

"काही नाही. बोलत नव्हते. खूप वेळ घेतला."

तोर्गिननं तिला छातीशी धरलं आणि तिच्या कपाळाला नाक लावलं. पेट्रोलच पेट्रोल होतं सगळीकडे. त्यात पोरीचा वास कसा येणार, असं तिनं मनाला सांगितलं.

घरी तिनं बोताला साबण चोळून चोळून न्हाऊ घातलं. साबणाचा वास टॉवेलला येत होता, पाण्याला येत होता, तोर्गिनच्या हातांना येत होता. बोताच्या अंगाला येत नव्हता.

७

काम झालं. खराब माती ट्रकांतून गेली, चांगली माती आली, नाक शून्य दाखवू लागलं आणि ते शून्य खरं होतं. साहेबांनी तोर्गिनची पाठ थोपटली. बालवाडीचा पाया भरला गेला. आपाच्या खोलीखालची माती चांगलीच निघाली, तरी आपानं खोली आपणहून बंद केली. शुक्रवारी तिथं तळायला ती आता येत नव्हती. तोर्गिननं परवानगी देऊ केली तेव्हा ती म्हणाली, "आता कशाला? तिथं कुणी नाही." आणि रस्त्यावरचे ट्रकवालेही आता पंपापुढून सरळ निघून जात, तोर्गिननं मुद्दाम उभं राहून पाहिलं होतं.

बोता हसत होती, खेळत होती, पण जेवत नव्हती. समोर वाढलेलं ताट ती शेजारच्या कुत्र्याला नेऊन घालायची. तोर्गिननं तिला डॉक्टरांकडे नेलं. वजन छान आहे, पोर धडधाकट आहे, आईलाच विश्रांतीची गरज आहे, असं डॉक्टर म्हणाले. तोर्गिननं मग आईवर संशय घेतला, ती मागून काहीतरी भरवत असणार म्हणून. आई रडली. तिलाही वाटत होतं की तोर्गिनच भरवते.

मग शुक्रवार आला. आईनं नेहमीसारखी खिडकी सताड उघडली आणि कढई चढवली. बोता आली आणि चुलीपाशी मांडी घालून बसली. पहिली पोळी ताटात पडली, तिनं हात पुढं केला नाही. दुसरी पडली, तिसरी पडली. ती मान वर करून, डोळे मिटून बसली होती आणि तिची छाती हळूहळू भरत होती, रिकामी होत होती. गालांवर लाली येत होती. इतक्या दिवसांत एवढी तृप्त ती दिसली नव्हती.

तोर्गिननं गरम पोळीचा तुकडा मोडून तिच्यापुढं धरला. "घे ना. तुला आवडतो."

"तो तुझा," बोता म्हणाली, अगदी समजावणीच्या सुरात.

आईनं ते ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिनं सातवी पोळी काढली, ताट पुढं ओढलं, ओंजळ उघडली आणि नावं घ्यायला लागली. तिचे आईवडील, सासूसासरे, नवरा, एक तान्हेपणी गेलेला मुलगा, शेवटी जावई. नावं संपली आणि ती हात तोंडावरून फिरवणार, एवढ्यात बोतानं डोळे उघडले.

"अझे," तिनं आजीला हाक मारली, "माझं राहिलं."

आईचे हात तसेच हवेत राहिले. तिनं तोर्गिनकडे पाहिलं. तोर्गिनला ओरडावंसं वाटलं, पोरीला गदागदा हलवावंसं वाटलं, पण बोता तिच्याकडे बघत होती, थोडी भुकेली, जशी ती लहान असताना दुधाच्या वेळी बघायची. खिडकीतून गार हवा येत होती आणि तेलाचा वास बाहेर चालला होता.

तोर्गिन उठली आणि तिनं खिडकी लावून घेतली.